परदेशात गरवायला जाताना: बॅग कशी निवडावी, सामान कसं भरावं

रत्नागिरी, दापोली, मालवणकडून गेली काही वर्षं पुष्कळ जण ओमान, मालदीव, श्रीलंकेकडे गरवायला, म्हणजे काठी आणि गरीने मासे धरायला, जाऊ लागलेत. जाण्याआधी त्यांचे फोन येतात आणि परत आल्यावर पुन्हा येतात. आल्यानंतरच्या फोनमध्ये माशाबद्दल कमी आणि सामानाबद्दल जास्त ऐकायला मिळतं. काठीचं टोक तुटलं, बॅग दोन दिवस उशिरा आली, काउंटरवर जादा वजनाचे पैसे भरले, गऱ्या हॅन्डबॅगेत राहिल्या आणि सिक्युरिटीत गेल्या. चुका बहुतेक त्याच त्या असतात, आणि त्यांचं मूळही एकच: लोक आधी बॅग आणतात, मग तिच्यात मावेल ते भरतात, तेही आदल्या रात्री.

क्रम उलटा ठेवा. आधी प्रवासाचा मार्ग, मग मासा, मग सामानाची यादी आणि शेवटी बॅग. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. निदान पाच-सहा आठवडे हातात ठेवून सुरुवात करा.

१. वाटेतला सर्वांत अरुंद टप्पा शोधा

घरापासून बोटीपर्यंतचा प्रवास कागदावर लिहून काढा. उदाहरणार्थ: घर ते रत्नागिरी स्टेशन रिक्षा, स्टेशन ते मुंबई रेल्वे, मुंबई ते माले विमान, माले ते बेट सीप्लेन, जेट्टी ते मासेमारीची बोट. प्रत्येक टप्प्यापुढे तीन आकडे लिहा: एका बॅगेला किती वजन चालतं, एकूण किती चालतं आणि लांबी किती चालते.

मोठ्या विमानाचे आकडे सढळ असतात. बहुतेक कंपन्यांचा नियम असा की चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटरच्या आत हवी, आणि एकच बॅग ३२ किलोंच्या वर गेली तर ती घेतच नाहीत. हॅन्डबॅगेला साधारण ७ किलो मिळतात. मालदीवच्या सीप्लेनला मात्र चेक-इनचे २० आणि हातातले ५ किलो एवढंच धरतात. म्हणजे मुंबईहून तिकिटावर ३० किलो मिळाले असले तरी तुमचा खरा आकडा २० अधिक ५. यादी त्या आकड्यावर बेतायची.

वजनापेक्षा लांबीचा घोळ जास्त होतो. रॉडच्या नळीला क्रीडासाहित्य म्हणून सवलत आहे का, ती वेगळा नग धरतात की एकूण वजनात, लांबीची मर्यादा किती, हे विमान कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तराची छापील प्रत जवळ ठेवा. फोनवर मिळालेलं "हो, चालेल" काउंटरवर उपयोगी पडत नाही. बदलाचं विमान दुसऱ्या कंपनीचं असेल तर तिलाही वेगळं विचारा.

*इशारा:* आपल्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद असते, म्हणून त्या सुट्टीत ओमानला जाऊ, असा बेत करणारे दरवर्षी भेटतात. सालालाच्या बाजूचा ओमानचा किनाराही याच नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या तोंडावर आहे. जून ते सप्टेंबर तिथला समुद्र खवळलेला असतो. तिकडचा बेत दिवाळीच्या आसपास किंवा त्यानंतरचाच करा.

२. मासा ठरवा, आयोजकाला प्रश्न विचारा

"सगळं थोडं थोडं घेऊन जाऊ" या वाक्यानेच बॅग फुगते. आपल्या खडपांवर तांबोशी आणि हेकरूसाठी जे सामान लागतं, त्यातलं फार थोडं ओमानच्या जीटीला म्हणजे जायंट ट्रेव्हलीला चालतं. जीटीला आठ-दहा नंबरची ब्रेड म्हणजे विणलेला दोरा, त्याच्या टोकाला दीडशे-दोनशे पौंडांचा लीडर म्हणजे जाड तंगूस, आणि शंभर-दीडशे ग्रॅमचे पॉपर म्हणजे पाण्यावर आवाज करणारे बनावट मासे लागतात. खोल पाण्यातल्या जिगिंगला, म्हणजे जिग हे धातूचं जड आमिष खाली सोडून झटके देत वर घ्यायच्या मासेमारीला, काठी आखूड असते. बेटाच्या उथळ कडेला हलकं सामान पुरतं. यातल्या दोनच प्रकारांची मासेमारी ठरवा आणि तिसऱ्याचं सामान घरी ठेवा. हे जड जातं, मलाही जायचं, पण तिसरी काठी मी नेली तेव्हा ती नळीतून बाहेरही आली नव्हती.

आयोजकाला लेखी विचारा: बोटीवर रॉड आणि रील भाड्याने मिळतात का, कुठल्या नंबरचे? शिसं आणि जिग तिथे विकत मिळतात का? जड वस्तू तिथे मिळत असतील तर तिथेच घ्या, शिसं विमानाने नेण्यात काही अर्थ नाही. मासेमारीचा परवाना कोण काढतं? गाफ, म्हणजे मासा बोटीत ओढायचा मोठा आकडा, चालतो की मासा सोडूनच द्यायचा असतो? बोटीवर बॅगा ठेवायला कपाट आहे की उघड्या डेकवर राहतील? या शेवटच्या उत्तरावर पुढची बॅगेची निवड अवलंबून आहे.

आपल्याकडचा कोणी भाला मारून मासे धरणारा असेल तर त्याने स्पिअरगन मालदीवला अजिबात नेऊ नये. तिथे त्यावर बंदी आहे.

३. आता बॅग

चाकांची कडक सुटकेस शहरातल्या हॉटेलसाठी ठीक. बोटीवर ती नकोशी होते. खालच्या कप्प्यात वाकत नाही, चाकांत वाळू आणि मीठ जातं, आणि रिकामी असतानाच चार-पाच किलो खाते. वीस किलोंतले पाच किलो बॅगेलाच दिलेत तर पॉपर कुठे ठेवणार?

मऊ, जाड, पाणी न शिरणाऱ्या कापडाची ८० ते ९० लिटरची डफल घ्या. तिचं रिकामं वजन दीड किलोच्या आसपास असावं. दुकानात एवढ्या गोष्टी बघा:

चेन मोठ्या दाताची आणि प्लास्टिकची हवी. धातूची चेन आपल्या हवेतसुद्धा दोन पावसाळ्यांत धरते, बोटीवर तर आठवड्यात. तळाला कापडाचा दुहेरी थर आहे का, ते हात आत घालून चाचपा. पट्टे शिवलेल्या जागी उलटसुलट चौकोनी टाके हवेत. खांद्याचे पट्टे काढता किंवा आत दडवता यायला हवेत, नाहीतर विमानतळाच्या सरकत्या पट्ट्यात अडकून फाटतात. रंग भडक घ्या. काळ्या बॅगांच्या रांगेत काळी बॅग शोधताना बदलाची बोट सुटते.

"पाणी न शिरणारी" असं लेबल असलं तरी आतून एक जाड प्लास्टिकची पिशवी लावाच. कपडे तिच्यात, आणि तोंड पिळून रबर.

*तपासणी:* रिकामी बॅग काट्यावर ठेवा आणि वजन बॅगेच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढची सगळी बेरीज या आकड्यापासून सुरू होते.

४. रॉडची नळी: सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं

पहिल्या वेळी मी तयार नळी विकत घेतली होती, छान, कॉर्डुराच्या कव्हरची. सालालाच्या खोलीत झाकण फिरवलं तर आतून एक पांढरी बारीक कडी घरंगळत आली आणि फरशीवर टिणकन वाजली. टोकाच्या गाईडमधली, म्हणजे दोरा ओवायच्या रिंगेतली, सिरॅमिकची कडी. काठी आत सैल होती, प्रत्येक आपटण्याला पुढे सरकून टोपणावर टोक आदळत होतं. नळीवर ओरखडाही नव्हता. म्हणून सांगतो, नळी कितीही मजबूत असो, आत काठी हलली की टोक गेलंच.

नळी घरी करता येते आणि चांगली होते. हार्डवेअरच्या दुकानातून ११० मिलिमीटरचा, प्लंबर ज्याला चार इंची म्हणतात तो पीव्हीसी पाईप घ्या. त्यातला पातळ प्रकार मागा, जाड प्रकाराचं वजन फुकट वाढतं. एका टोकाला सोल्यूशन लावून पक्कं टोपण, दुसऱ्या टोकाला आट्याचं. टोपणांसकट बाहेरची लांबी १३० सेंटिमीटरच्या आत ठेवा. टोपणाचा व्यास साडेबारा सेंटिमीटर धरला तर १३० अधिक १२.५ अधिक १२.५, म्हणजे १५५. १५८ च्या नियमात बसलात. पाईप कापण्याआधी काठीचा सर्वांत लांब तुकडा मोजा. आठ फुटी काठीचे दोन समान तुकडे साधारण १२२ सेंटिमीटरचे असतात, पण जोडाची लांबी धरून ते वाढतात. आतली मोकळी जागा आणि दोन्हीकडचा फोम मिळून ते बसत नसतील तर तीन किंवा चार तुकड्यांची प्रवासी काठी घ्या. तीन तुकड्यांची साडेसात फुटी काठी ८० सेंटिमीटरच्या आसपास होते आणि डफलमध्ये आडवी मावते, मग नळीच नको. तुम्ही वर्षातून एकदाच जाणार असाल तर माझं मत प्रवासी काठीच घ्या असं आहे. ज्यांना जड जीटीसाठी एकसंध टोकाची काठी हवीच आहे त्यांनी नळीचा खटाटोप करावा.

भरण्याचा क्रम असा:

प्रत्येक टोकाच्या गाईडवर फोमचा तुकडा बसवून कागदी टेपने धरा. साधी चिकट टेप नको, वार्निश उखडते. एका काठीचं टोक डावीकडे तर शेजारच्या काठीचं उजवीकडे ठेवा, म्हणजे गाईड एकमेकांच्या मधल्या जागेत बसतात. तुकडे चार ठिकाणी वेलक्रोने बांधा. बांधलेला जुडगा जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळा, टॉवेल तिथे लागतोच. नळीच्या तळाला चार बोटं जाड फोम, वर तेवढाच फोम, आणि झाकण लावताना हलका दाब जाणवला पाहिजे.

*तपासणी:* बंद नळी उभी-आडवी जोरात हलवा. आतून एकही आवाज येता कामा नये. आला तर उघडा आणि पुन्हा भरा, "चालेल" म्हणू नका.

झाकणावर कुलूप नको. तपासणी करणाऱ्याला उघडावंसं वाटलं तर तो तोडेल. आट्याच्या झाकणावरून केबल टाय मारा आणि आतल्या फोमखाली चार-पाच जादा टाय ठेवा, त्याने कापला तर त्याच्याजवळच दुसरा असतो. नळीवर नाव, फोन आणि पुढच्या मुक्कामाचा पत्ता मार्करने लिहा, वरून पारदर्शक टेप. कागदी टॅग पडतात.

५. गऱ्या, लुअर, तंगूस

ट्रेबल म्हणजे तीन टोकांच्या गऱ्या लुअरला, म्हणजे बनावट आमिषाला, लावलेल्या ठेवून नेऊ नका. स्प्लिट रिंगच्या पक्कडीने सगळ्या सोडवा. लुअर जागा निम्मी घेतात, एकमेकांना ओरखडत नाहीत, आणि बॅग उघडून हात घालणाऱ्या माणसाच्या बोटात गरी जात नाही. ही शेवटची गोष्ट मी फार गंभीरपणे सांगतोय. तपासणीच्या टेबलावर परक्या माणसाच्या बोटात तुमची गरी रुतली तर पुढचे तीन तास तुमचे राहिले नाहीत.

सुटलेल्या गऱ्या आकारानुसार लहान डब्यांत, डबे झिप पिशवीत. ज्या लावूनच न्यायच्या त्यांच्या टोकांवर गवंड्याकडच्या पारदर्शक लेव्हल पाईपचे इंच-इंच तुकडे खोचा.

पॉपर एकेक मोज्यात घाला. मोजे न्यायचेच असतात. दोन दिवसांच्या मासेमारीला किती लुअर? लोक तीस नेतात. मी चौदाच्या वर जात नाही: सहा पॉपर, चार स्टिकबेट, बाकी चार हात सांगेल ते. दीडशे ग्रॅमने तीस म्हणजे साडेचार किलो फक्त लुअर झाले.

तंगूस आणि लीडर नवे, सीलबंद घ्या. घरी उरलेली जुनी बंडलं नेण्याचा मोह टाळा. आपल्या दमट खोलीत वर्षभर पडलेल्या तंगुसावर वीस किलोंचा मासा लागल्यावर काय होतं ते बघायला इतक्या लांब जाऊ नका.

हत्यारांत एक वस्तू कधीही विसरू नये: जाड गरी कापणारा कटर. माणसाच्या हातात रुतलेली गरी पुढे ढकलून टोक कापून काढावी लागते, आणि साध्या पक्कडीने मोठ्या नंबरची गरी तुटत नाही. घरी त्याच नंबरच्या जुन्या गरीवर कापून बघा.

६. काय हातात, काय चेक-इनमध्ये

धारदार आणि टोकदार सगळं चेक-इनमध्ये: गऱ्या, सुऱ्या, पक्कडी, कटर, गाफ. यात अपवाद नाही.

पॉवरबँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या याच्या बरोबर उलट, फक्त हातातच. १०० वॉट-तासांपर्यंत बिनपरवानगी, १०० ते १६० पर्यंत कंपनीला विचारून, त्यावर नाहीच. २०,००० एमएएचचा पॉवरबँक ३.७ व्होल्टने गुणला की ७४ वॉट-तास होतो, म्हणजे चालतो. हेडलॅम्पच्या जादा बॅटऱ्या डफलमध्ये राहिल्या म्हणून विमानतळावर नाव पुकारलं जाणारे पुष्कळ असतात.

रीलबद्दल मत वेगवेगळं आहे. ती महाग, म्हणून हातात न्यावीत. पण भरलेला दोरा बघून कधी कधी सिक्युरिटीत अडवतात, आणि त्या क्षणी चेक-इन बॅग तुमच्याजवळ नसते. मी करतो ते असं: रीलचं अंग हॅन्डबॅगेत, दोरा भरलेली स्पूलं काढून चेक-इनमध्ये. आणि प्रत्येक रीलला दोन भरलेली स्पूलं, एक माझ्या बॅगेत, एक सोबत्याच्या.

हाच नियम बाकी सगळ्याला लावा. दोघं-तिघं जात असाल तर प्रत्येकाच्या बॅगेत प्रत्येकाचं थोडं थोडं हवं: पॉपरची निम्मी वाटणी, लीडरचं एक बंडल, कपड्यांचा एक जोड. एक बॅग मागे राहिली तरी सगळे पहिल्या दिवशी पाण्यावर असतात. हॅन्डबॅगेत एक दिवसाचे कपडे, औषधं, पोलराइज्ड चष्मा आणि टोपी ठेवाच. बॅग आली नाही तर काठी भाड्याने मिळते, नंबरचा चष्मा मिळत नाही.

७. हे नेऊच नका

गंजरोधक तेलाचे स्प्रे ज्वलनशील असतात, ते ना हातात चालत ना चेक-इनमध्ये. रीलचं तेल लहान ड्रॉपरच्या बाटलीत चेक-इनमध्ये ठेवा.

सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रं भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. परदेशातला मित्र "घेऊन जा, उपयोगी पडेल" म्हणून देईल. घेऊ नका. आपल्या विमानतळांवर यासाठी लोक पकडले गेले आहेत.

आता आपल्या घरातल्या पिशव्या. आई किंवा काकू निघताना हातात देतेच. सुकं खोबरं विमानात चालत नाही. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं. अनारशांवरची खसखस अमिरातीत प्रतिबंधित आहे, तेव्हा दुबईमार्गे जाताना अनारसे घरीच खा. सोडे, जवळा, सुकट वासामुळे आणि तिथल्या तपासणीमुळे नकोत, आमिष म्हणून तर नकोतच. मालदीवला दारू नेता येत नाही.

खोकल्याची आणि दुखण्याची काही औषधं, ज्यांत कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असतं, आखाती देशांत नियंत्रित आहेत. डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी घ्या आणि शक्य असेल तर पर्यायी औषध मागा.

न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाला जाणारे थोडेच, पण त्यांनी वापरलेलं सामान धुऊन, कोरडं करून न्यावं आणि फॉर्मवर स्वतःहून लिहावं. नमद्याच्या तळाचे बूट न्यूझीलंडमध्ये चालत नाहीत.

८. कस्टमचा कागद

महागडी रीलं, कॅमेरा घेऊन जाताय आणि परत आणणार आहात, तर जाताना विमानतळावरच्या कस्टमकडून निर्यात दाखला घ्या. परतताना "हे तिकडून विकत आणलंत का" हा प्रश्न तिथेच मिटतो. मात्र अधिकाऱ्याला वस्तू आणि तिचा नंबर बघायचा असतो, म्हणून बॅग चेक-इन करण्याआधी जा. बहुतेक लोक बॅग देऊन मग दाखला मागायला जातात. तास-दीड तास जादा धरा, आणि प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर, फोटो, बिल फोनमध्ये एका ठिकाणी ठेवा.

९. रंगीत तालीम

निघण्याच्या चार दिवस आधी सगळं भरा. आदल्या रात्री नव्हे. माशाचं वजन करायचा टांगता काटा घ्या आणि मोजा. माझी मालदीवची मागची बेरीज अशी होती: डफल १.५, नळी दोन काठ्यांसह ३, लुअर १.८, जिग १.२, गऱ्या-लीडर १.२, भरलेली स्पूलं १, हत्यारं ०.९, बूट १.२, कपडे ३, रेनकोट ०.५, औषधं-साबण १.२, कमरेचा पट्टा ०.७. एकूण १७.२ किलो. वीसच्या आत जे २.८ उरले ते मुद्दाम. येताना ओले कपडे आणि भिजलेले बूट वजन वाढवतात.

मग ते सगळं एकट्याने उचलून जिना चढा, उतरा. रत्नागिरी स्टेशनवर पहाटे गाडी थोडाच वेळ थांबणार आहे आणि हमाल मिळेलच असं नाही. माझ्या मावसभावाला मी हे करायला लावलं तेव्हा पहिल्याच माळ्यावर तो म्हणाला, "दादा, बूट एकच नेतो." रेल्वेत नळी खालच्या बर्थखाली ठेवा, वर रॅकवर ठेवली की कोणीतरी पेटी टाकतंच. आणि पावसाळी वेळापत्रकात विमानाच्या दिवशीची गाडी पकडू नका, आदल्या दिवशीची पकडा.

१०. परतीचं भरणं

शेवटच्या दिवशी दुपारीच मासेमारी थांबवा. हे कोणाला पटत नाही, पण संध्याकाळी सातला बोटीवरून उतरून रात्री दोनच्या विमानाला निघालात तर सगळं खारं आणि ओलं बंद होतं.

रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरा सुटताना लागणारा ब्रेक, घट्ट करून रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धरा. जोराची फवारणी नको, मीठ आत ढकललं जातं. पुसल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करा. काठीचे गाईड ओल्या फडक्याने एकेक पुसा. वापरलेल्या गऱ्या नव्यांच्या डब्यात कधीही टाकू नका, एक गंजकी गरी सगळा डबा खाते. ओले कपडे वेगळ्या प्लास्टिकमध्ये, बूट त्यांच्यासोबत.

किनाऱ्यावर सापडलेलं प्रवाळ, शंख, कासवाची पाठ, काहीही उचलून आणू नका. मालदीवहून प्रवाळ बाहेर नेता येत नाही आणि आपल्याकडे ते वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे.

घरी पोचलात की झोपायच्या आधी नळी उघडा, फोम काढा, काठ्या पंख्याखाली आडव्या ठेवा. डफल उलटी करून वळचणीला टांगा. आपल्या हवेत दोन दिवस बंद राहिलेल्या नळीत टॉवेलला बुरशी येते आणि गाईडच्या पायाशी हिरवट डाग धरतो. रीलं दुसऱ्या दिवशी उघडून तेल द्या, आणि स्पूलांवरचा दोरा बादलीभर गोड्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवून सावलीत वाळवा.